वीस फ्रेमचं अंतर

(भागाची लिखित प्रत. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युली’ जमेल तेवढे काढलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज इतिहासच आहे, पण सुरुवात माझ्या फजितीपासून. दोन महिने नवीन भाग का नाही, असं बऱ्याच जणांनी विचारलं. तर मी तोंडं काढत होतो. खरंच. एकाच माणसाची तोंडं. उघडलेलं, मिटलेलं, चंबू केलेलं, परत मिटलेलं.

तो माणूस म्हणजे माझे आजोबा. ते टुरिंग टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. जत्रेत तंबू ठोकून सिनेमा दाखवायचे ना, ते. सातारा जिल्ह्यातल्या जत्रा त्यांना तारखेनं नाही, सिनेमांच्या नावानं आठवायच्या. २०१९ च्या दिवाळीत मी फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं. अकरा मिनिटं. ओट्यावर बसलेत, संध्याकाळ झालेली, चेहरा अर्धा अंधारात, कवळी काढून ठेवलेली. पुढच्या वर्षी ते गेले. त्यांच्या आवाजाचं दुसरं काहीही आमच्याकडे नाही.

ते ज्या तंबूबद्दल बोलतायत त्याचा एकही फोटो नाही. मशीनचा नाही, तिकिटाच्या खिडकीचा नाही. म्हणून ठरवलं की आवाज त्यांचा ठेवायचा आणि चित्र आपण काढायचं. ब्लेंडर फुकट मिळतं. पूर्वी ते एका कंपनीचं होतं. २००२ मध्ये लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवले आणि ते सगळ्यांसाठी खुलं करून घेतलं. त्या जोरावर माझ्यासारखा माणूस आज ॲनिमेशन करायला बसतो. अकरा मिनिटं झेपणार नव्हती, म्हणून तीन निवडली. सेकंदाला २४ फ्रेम, मिनिटाला १४४०, तीन मिनिटांना ४३२०. आकडा बघून मी चहा करायला उठलो.

पहिल्या आठवड्यात काय झालं ते सांगतो, कारण तुमच्यापैकी कोणी हे करायला घेतलं तर तुमचंही हेच होणार आहे. आजोबांचं तोंड काढलं, आवाज खाली टाइमलाइनवर लावला, रात्री कानात ब्लूटूथचे इअरबड घालून बघितलं. आवाज किंचित उशिरा येत होता. म्हणून आवाजाची पट्टी पाच फ्रेम अलीकडे ओढली. झकास जुळलं. व्हिडिओ तयार करून आईच्या फोनवर लावला तर ओठ हलायच्या आधीच आवाज! झालं असं होतं की ब्लूटूथमधून आवाज कानापर्यंत यायलाच थोडा वेळ लागतो. फोनवर सिनेमा बघताना प्लेअर तेवढं सांभाळून घेतो, संपादन करताना बऱ्याचदा कोणीच सांभाळत नाही. मी इअरबडचा उशीर आजोबांच्या तोंडात घातला होता.

दुसऱ्या दिवशी इअरबड काढून ठेवले आणि लॅपटॉपच्या स्पीकरवर बघितलं. आता चित्र मागे राहायला लागलं आणि मागे मागेच जात राहिलं. माझा लॅपटॉप जुना. ब्लेंडर प्रत्येक फ्रेम दाखवायचा हट्ट धरतं, मशीनला सेकंदाला चोवीस दाखवणं जमत नाही, आणि आवाज मात्र आपल्या वेगानं पुढे निघून जातो. मी परत आवाज ओढला, या वेळी उलट दिशेला. त्यासाठी एक साधी सेटिंग आहे, सिंक टू ऑडिओ. ती लावली की दाखवताना फ्रेम गाळल्या जातात, पण वेळ चुकत नाही. ती मला तिसऱ्या दिवशी सापडली. तोवर खरं अंतर किती होतं हे मलाच माहीत नव्हतं.

कंटाळून मी ते सगळं बंद केलं आणि आजोबांची पूर्ण अकरा मिनिटं नुसती ऐकली. सहाव्या मिनिटाला ते म्हणतात, “आवाज फुडं असतो पोरा, चित्र मागं. मधी लूप. लूप मोजून घ्यायाचा. कानानं न्हाय जुळत ते.”

रेकॉर्ड करताना मी नुसता ‘हं’ म्हटलं होतं. रेकॉर्डिंगमध्ये तो ‘हं’ ऐकू येतो. लाज वाटते.

तर लूप म्हणजे काय? ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रांच्या शेजारून आवाजाची एक बारीक पट्टी छापलेली असते. प्रोजेक्टरमध्ये चित्र दिसायचं तर फिल्म थांबायला लागते. एक फ्रेम आली, क्षणभर थांबली, उजेड पडला, पुढची आली. सेकंदाला चोवीस वेळा असे हिसके. आवाजाचं उलट आहे. तिथं फिल्म गुळगुळीत सरकली पाहिजे, हिसका बसला की आवाज फाटला. म्हणून एकाच जागी चित्र दाखवायचं आणि आवाज वाचायचा, हे जमतच नाही. आवाज वाचणारा दिवा खाली वेगळ्या जागी बसवलेला असतो, आणि एखाद्या चित्राचा आवाज फिल्मवर त्या चित्राच्या साधारण वीस फ्रेम पुढे छापलेला असतो. या दोन जागांच्या मधे फिल्मचा एक सैल वेटोळा सोडतात, तो लूप. तो एक फ्रेम मोठा झाला तर सेकंदाच्या चोविसाव्या भागाचा फरक पडतो. चार-पाच फ्रेमनं चुकला की हिरो बोलतोय एक आणि ऐकू येतंय दुसरं, आणि तंबूत शिट्ट्या.

म्हणजे माझे आजोबा रोज रात्री, जनरेटरच्या आवाजात, वीस फ्रेम हातानं मोजत होते. आणि मी अंदाजानं पट्ट्या ओढत बसलो होतो.

मग मला प्रश्न पडला की हे मोजणं आलं कुठून? मूकपटांत तर ते नव्हतं. कॅमेऱ्याचा दांडा माणूस हातानं फिरवायचा. कोणी सेकंदाला सोळा फ्रेम घ्यायचा, कोणी वीस, आणि दाखवणारा थिएटरात स्वतःच्या मर्जीनं फिरवायचा. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते थोडी थोडी फिल्म घेऊन चित्रित केलं, पुढे काड्यापेटीतल्या काड्या नाचवून ‘आगकाड्यांची मौज’ केली. एकेक फ्रेम करून जीव आणणं त्यांना येतच होतं. पण आवाज जोडायचा तर आधी वेग पक्का हवा. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं असेल तर दोघांनी एकाच वेळी यायचं कसं?

घड्याळ एक केलं बोलपटानं. अमेरिकेत १९२६ मध्ये व्हिटाफोन नावाची पद्धत आली. सिनेमा फिल्मवर आणि आवाज तव्यावर, ग्रामोफोनचा असतो तसा, पण सोळा इंचांचा. प्रोजेक्टर आणि तवा एकाच मोटारीला जोडलेले. फिल्मवर सुरुवातीची फ्रेम ठरलेली, तव्यावर सुई ठेवायची जागा बाणानं दाखवलेली. तिथपासून सेकंदाला चोवीस. १९२७ चा ‘द जॅझ सिंगर’ असाच दाखवला गेला.

या पद्धतीतली गंमत म्हणजे, गंमत आपल्याला, ऑपरेटरला नव्हे, की फिल्म मधेच तुटली तर काय? मूकपटात चार खराब फ्रेम कापायच्या, चिकटवायचं, पुढे चालू. इथं चार फ्रेम कापल्या की तिथून पुढचा सगळा भाग चार फ्रेमनं चुकणार, कारण तवा काही तुटलेला नाही. म्हणून जेवढ्या फ्रेम गेल्या तेवढ्याच काळ्या फ्रेम मोजून जोडायच्या. पडद्यावर क्षणभर अंधार, पण हिशोब पूर्ण. या काळ्या फ्रेम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

हे झालं माणसांच्या सिनेमाचं. तिथं एक मोठी सोय असते. नटाचे ओठ आणि नटाचा आवाज एकाच शरीरातून येतात, म्हणजे मुळात ते जुळलेलेच असतात. यंत्रानं ते बिघडवायचं नाही, एवढंच. कार्टूनचं तसं नाही. कागदावरच्या उंदराला आवाजच नसतो. जुळलेलं असं काही नसतंच, ते पहिल्यापासून बनवायला लागतं.

आता उंदीर म्हटल्यावर तुम्ही ओळखलंच असेल. पण ‘स्टीमबोट विली’ हे पहिलं बोलतं कार्टून, असं जे सगळीकडे लिहिलेलं असतं ते खरं नाही. मॅक्स फ्लायशरनं त्याआधी दोन वर्षं आवाजाची कार्टून केली होती. ‘स्टीमबोट विली’चं वेगळेपण असं की त्यात आवाज आणि चित्र यांचा हिशोब चित्र काढायच्या आधी मांडला गेला. आणि तो मांडायला मदत करणारा मुलगा स्टुडिओत अगदी नवखा होता. तो मला फार आवडतो.

विल्फ्रेड जॅक्सन त्याचं नाव. १९२८ च्या वसंतात तो डिस्नेकडे लागला. लागला म्हणजे काय, पडेल ते काम करत होता, चित्रांच्या पारदर्शक शीटा धुवायच्या वगैरे. थोडा माउथ ऑर्गन वाजवायचा. त्याची आई संगीत शिकवायची, त्यामुळे मेट्रोनोम ही वस्तू त्याच्या ओळखीची. मेट्रोनोम म्हणजे टक् टक् करत लय दाखवणारं यंत्र, गाणं शिकणाऱ्यांना माहीत असेल. डिस्नेला प्रश्न होता की चित्रं काढताना गाण्याची लय कशी कळणार? उत्तर निव्वळ भागाकार निघाला. फिल्म सेकंदाला चोवीस फ्रेम धावणार हे पक्कं. मेट्रोनोम मिनिटाला किती ठोके देतो हेही पक्कं. मग एका ठोक्याला किती फ्रेम, ते काढा.

आपल्या भाषेत करू. मिनिटाला १२० मात्रा, म्हणजे सेकंदाला दोन, म्हणजे एका मात्रेला १२ फ्रेम. केरव्याच्या आठ मात्रा झाल्या ९६ फ्रेम, बरोबर चार सेकंद. तीनतालाचं एक आवर्तन १९२ फ्रेम. आता मिकीचा पाय जमिनीवर कधी आपटायचा हे चित्रकाराला ऐकावं लागत नाही, कागदावर दिसतं. बाराव्या फ्रेमला, चोविसाव्या फ्रेमला. जॅक्सननं संगीताचे खंड आणि फ्रेमचे आकडे एकाखाली एक लिहिले. पुढे स्टुडिओंमध्ये असे तक्तेच रुळले.

अर्धं कार्टून झालं तेव्हा त्यांनी घरच्या लोकांना बोलावून चाचणी घेतली. पडद्यामागे जॅक्सन माउथ ऑर्गन वाजवतोय, बाकीचे भांडीकुंडी बडवतायत, आणि समोर मिकी शीळ घालतोय. मोजलेलं होतं, म्हणून जमलं.

खरी परीक्षा न्यूयॉर्कमध्ये झाली. सप्टेंबर १९२८, मोठा वाद्यवृंद, कार्ल एदुआर्द नावाचा नावाजलेला संचालक. त्याला पडद्यावर चित्र बघून लय धरायची होती. जमलं नाही. मोठा माणूस, अनुभवी कान, पण कान आणि डोळे दर वेळी थोडे मागे पडायचे. अख्खं रेकॉर्डिंग वाया गेलं आणि पैसेही गेले. वॉल्ट डिस्नेनं भावाला कळवलं, आणि दुसऱ्या रेकॉर्डिंगच्या पैशासाठी वॉल्टची गाडी विकली. त्या वर्षाच्या सुरुवातीला त्याच्या हातून ओस्वाल्ड हा लोकप्रिय ससाही गेला होता. म्हणजे हे फसलं असतं तर बहुधा दुकान बंद.

दुसऱ्या वेळी फिल्मवरच एक चेंडू छापला. प्रत्येक ठोक्याला तो टप्पा घेतो. संचालकानं मिकीकडे बघायचंच नाही, चेंडूकडे बघायचं. जुळलं. १८ नोव्हेंबर १९२८ ला कॉलनी थिएटरमध्ये कार्टून लागलं, पुढचं तुम्हाला माहीत आहे. जॅक्सनचं काय झालं ते मात्र फारसं कोणी सांगत नाही. शीटा धुणारा तो पोरगा पुढे दिग्दर्शक झाला. ‘द टॉर्टॉइज अँड द हेअर’ आणि ‘दी ओल्ड मिल’ ही त्याची कार्टून, दोघांनाही ऑस्कर मिळालं.

आता आपल्याकडे येऊ. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. पुढच्या वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. दुर्गाबाई खोटे कॅमेऱ्यासमोर उभ्या राहून स्वतः गायच्या आणि वादक चौकटीच्या बाहेर. ओठ आणि आवाज एकत्रच टिपले जायचे. मग १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनं गाणं आधी रेकॉर्ड करून नंतर नटाला त्यावर ओठ हलवायला लावले. आपल्याला आज त्यात काही विशेष वाटत नाही, पण ही नेमकी कार्टूनवाल्यांची पद्धत आहे. आवाज आधी, तोंड नंतर. म्हणजे आपले सगळे हिरो-हिरोइन गाण्यांत कार्टूनच्याच नियमानं चालतात. (हे वाक्य मी भागात बोलताना हसलो होतो, तुम्हीही हसा.)

प्रभातनं १९३४ मध्ये पुण्यात ‘जंबूकाका’ हे कार्टूनही केलं. पण एकेकट्यानं धडपडण्यापेक्षा पद्धतशीर शिकवणी आपल्याकडे सुरू झाली १९५६ मध्ये. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग निघाला आणि तिथल्या मुलांना शिकवायला क्लेअर वीक्स आला. हा भारतात जन्मलेला अमेरिकन, आणि कुठे काम केलेला, तर डिस्नेच्याच स्टुडिओत. १९५७ मध्ये त्या विभागानं जातककथेवरून ‘द बनियन डिअर’ केला. त्याच विभागात राम मोहन तयार झाले. आणि १९७४ ला विजया मुळ्यांचं, भीमसेननी ॲनिमेशन केलेलं ‘एक अनेक और एकता’. दूरदर्शनवर वाढलेल्या कुणालाही विचारा, नाव घेतल्यावर गुणगुणायला लागतील. तुम्ही ते एकदा आवाज बंद करून बघा. हालचालीत लय दिसते की नाही ते बघा.

परत माझ्याकडे. मी दोनशे पानी वही घेतली. ॲनिमेशनमध्ये एक चित्र बहुतेक वेळा दोन फ्रेम टिकवतात, म्हणून सेकंदाला बारा ओळी, तीन मिनिटांच्या २१६० ओळी. प्रत्येक ओळीत त्या क्षणाचं अक्षर लिहायचं. संगणकावर आपोआप तोंड हलवणारी साधनं आहेत, पण ती बऱ्याचदा इंग्रजीवर पोसलेली, आणि आजोबांच्या बोलीपुढे त्यांनी हात टेकले.

इथं मला एक शोध लागला. शोध कसला, पहिलीत शिकवलेलंच. आपली वर्णमाला तोंडातल्या जागांप्रमाणे लावलेली आहे. प, फ, ब, भ, म, हा ओठांचा वर्ग. ॲनिमेशनचा नियम असा की बाकी कुठलंही अक्षर थोडं इकडेतिकडे झालं तर बघणाऱ्याला कळत नाही, पण या पाचांना ओठ मिटलेच पाहिजेत, आणि ठरल्या फ्रेमला मिटले पाहिजेत. क आणि ग घशात, बाहेर दिसत नाहीत. ळ तर अजिबात दिसत नाही, बिचारा. आ ला तोंड उघडं, उ आणि ओ ला चंबू. एकूण सात तोंडांत मराठी बसली. म्हणून आधी वहीतले सगळे प-वर्ग लाल पेनानं लिहिले, आणि मग मधल्या जागा भरल्या.

पण आजोबांची कवळी काढलेली होती. त्यांचे ओठ आत जायचे, मिटायचे वेगळेच. ते बघायला मी मूळ व्हिडिओच्या फ्रेम काढल्या आणि त्यावरून तोंड गिरवायचं ठरवलं. याला रोटोस्कोप म्हणतात, आणि याचं पेटंट त्याच मॅक्स फ्लायशरला १९१७ मध्ये मिळालं. सुरुवात अगदी बरोबर जुळली. पहिल्या मिनिटाला थोडं चुकलं, दुसऱ्याला जास्त, तिसऱ्याच्या शेवटी तोंड जवळजवळ दोन सेकंद पुढे.

या वेळी मी पट्टी ओढली नाही. एवढं शहाणपण आलं होतं. चूक दोन प्रकारची असते. सगळीकडे सारखीच चूक असेल तर सुरुवात चुकली, म्हणजे आजोबांचा लूप. वाढत जाणारी चूक असेल तर घड्याळंच वेगळी आहेत. ती ओढून कधीच जुळणार नाही, एका जागी जुळवलं की दुसऱ्या जागी सुटतं. मी फ्रेम मोजल्या. सेकंदाला तीस म्हणजे तीन मिनिटांच्या ५४०० हव्या होत्या. होत्या ५३४६. चोपन्न गायब! फोन कमी उजेडात नीट दिसावं म्हणून मधे मधे सेकंदाला कमी फ्रेम घेतो, आणि आपल्याला सांगत नाही. आजोबा अंधारात बसले होते. म्हणजे आपल्या खिशातला फोन परत तोच, हातानं दांडा फिरवणारा माणूस.

उपाय सोपा निघाला. हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओचा वेग एकसारखा करायची सोय आहे. जिथं फ्रेम कमी आहेत तिथं ते आधीचीच परत घालतं. व्हिटाफोनचा ऑपरेटर काळे तुकडे जोडून जे करायचा तेच. मी तो एकसारखा चोवीस करून घेतला आणि गिरवायला बसलो.

किती अचूक हवं, हाही प्रश्न होता, नाहीतर माणूस वेडा होईल. त्याचं उत्तर आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या एका शिफारशीत आहे. आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तर माणसाला कळायला लागतं, पण नंतर आला तर १२५ पर्यंत कळत नाही. फ्रेममध्ये सांगायचं तर एक फ्रेम आधी आला की खटकतं, तीन फ्रेम उशिरा आला तरी चालतं. असं का, तर आपण आयुष्यभर तसंच ऐकतो. पलीकडच्या बांधावर कोणी लाकूड फोडत असेल तर कुऱ्हाड आधी दिसते, आवाज मागून येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटरवर सेकंदाचा दहावा भाग उशीर. आवाज आधी आणि कुऱ्हाड नंतर, हे निसर्गात कधी होत नाही. म्हणून शंका आली की मी तोंड एक फ्रेम आधी ठेवलं.

मग रेंडर. म्हणजे प्रत्येक फ्रेमचं चित्र संगणकानं उजेड-सावलीसकट पक्कं करायचं. माझ्या लॅपटॉपला एका फ्रेमला चाळीस सेकंद. ४३२० गुणिले चाळीस, बरोबर अठ्ठेचाळीस तास. मी थेट व्हिडिओ फाइल बनवायला लावली, आणि दुसऱ्या रात्री लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली. सकाळी फाइल होती, पण उघडेना. छत्तीस तास पाण्यात.

म्हणून आता नियम. व्हिडिओ नाही, सुटी चित्रं. पीएनजीच्या ४३२० फाइली, प्रत्येकीला नंबर. लाइट गेली तर जिथं थांबलं तिथून पुढे. शेवटी सगळी चित्रं ओळीनं लावायची, खाली आवाज ठेवायचा आणि एकत्र बांधायचं. ते लवकर होतं. मी बांधलं, लावलं, आणि आजोबांचा आवाजच नाही! ब्लेंडरमध्ये आवाजाच्या खान्यात मुळात ‘नो ऑडिओ’ लिहिलेलं होतं, ते बदलायचं राहिलं. त्या एका मिनिटात काय वाटलं ते सांगत नाही.

गेल्या रविवारी आजीला दाखवलं. टीव्हीवर, तारेनं जोडून, ब्लूटूथ नाही. तंबू बघून ती काही बोलली नाही. मशीन आलं तेव्हा म्हणाली, “हँडल उजव्या अंगाला होतं.” मी डाव्या बाजूला काढलंय. ते बदलायचं तर सातशे फ्रेम परत.

शेवटी एक तुकडा आहे. बोलणं संपल्यावर आजोबा विचारतात, “झालं का? बंद कर की मग.” तिथं काय काढावं ते मला सुचलं नाही. काळ्या फ्रेम ठेवल्यात, मोजून ९६. आजीनं तो तुकडा तीनदा लावायला सांगितला.

हँडलचं काम चालू आहे. झालं की व्हिडिओ टाकतो.